छप्पर उचलण्याचा सेहेचाळीस पानी आराखडा

जमिनीवरून वर जाणारी प्रत्येक वस्तू आधी समितीसमोर ठेवावी लागते. खाली पडायला कोणाची मंजुरी लागत नाही. वर जायला मात्र ठराव लागतो, अनुमोदक लागतो आणि कॉफी लागते. या नियमामुळेच आमचा फिनलंड आज इतका सुरक्षित आहे. जिथे काही वरच जात नाही, तिथे कोणाच्या डोक्यावर काय पडणार?

आमच्या हाउकिपेरा गावात मात्र पडण्याचा प्रकार आधी झाला. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता युवक मंडळाच्या सभागृहाचं छप्पर बर्फाच्या वजनाने खाली आलं. सुदैवाने आत कोणी नव्हतं. (मंगळवार हा आठवड्यातला एकमेव रिकामा दिवस. छप्पर मंडळाचं वेळापत्रक वाचत असावं, असं म्हणायला जागा आहे. इतर कोणी वाचत असल्याचा पुरावा नाही.)

युवक मंडळाचं सरासरी वय सध्या अडुसष्ट आहे. सर्वांत धाकटा सभासद पंचावन्न वर्षांचा, त्यामुळे त्याचं मत कोणी फारसं मनावर घेत नाही. मी इल्मो, मंडळाचा सचिव. गेली एकोणीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहितो. त्यांत आजवर एकही चूक सापडलेली नाही, कारण ती कोणी उघडलेली नाहीत.

छप्पर गेलं, पण भिंती राहिल्या आणि मुख्य म्हणजे नाचाची जमीन राहिली. भूर्जाच्या लाकडाची, पन्नास वर्षांच्या टाचांनी गुळगुळीत झालेली. गावातली निम्मी लग्नं या जमिनीवर जुळली आणि उरलेली निम्मी मोडता मोडता इथेच सावरली. आमचा अध्यक्ष तौनो, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर, त्याच जमिनीवर बायकोबरोबर चाळीस वर्षं टँगो नाचला. ती जाऊन चार वर्षं झाली. तौनो याबद्दल काही बोलत नाही, पण छप्पर पडल्यापासून तो रोज जेवण झालं की खराटा घेऊन यायचा आणि जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवरचं पाणी लोटून काढायचा. उन्हाळ्यातला मोठा पाऊस लागला तर जमीन फुगून उखडणार, हे त्याला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. म्हणून समिती नेमली.

नव्या छपरासाठी कारखान्यातून चौदा कैच्या मागवल्या. कैची म्हणजे लाकडाच्या फळ्या जोडून केलेला मोठा त्रिकोण, ज्याच्या पाठीवर छप्पर बसतं. आमची प्रत्येक कैची पंधरा मीटर लांब, मधोमध साडेतीन मीटर उंच आणि वजनाला तीनशे किलो. जागेवर उभी बसली की ती मीटरभर बर्फ हसत पेलते. तीच कुशीवर वाकायला लागली की तिच्यात आणि भिजलेल्या पापडात फारसा फरक राहत नाही. ही माहिती कारखान्याने पाठवलेल्या पत्रकात चित्रासह दिली होती. पत्रक चांगल्या जाड कागदाचं असल्याने ते कॉफीच्या किटलीखाली ठेवण्यात आलं.

क्रेन मिळाली ती एकाच दिवसापुरती, शनिवार सहा जून. त्यानंतर थेट सप्टेंबरात. नगरपालिकेच्या बांधकाम निरीक्षकांनी एका ओळीचं पत्र धाडलं: ‘कैच्या उचलण्यासाठी योग्य साधने निवडावीत व तसा लेखी आराखडा सादर करावा.’ पहिल्या दोन बैठका ‘योग्य’ या शब्दावर झाल्या. हजर नऊ, कॉफी प्रत्येकी तीन कप, निष्पत्ती अशी की ‘योग्य’ म्हणजे ‘जे अयोग्य नाही ते’. हे एकमताने मंजूर झालं आणि सगळ्यांना हलकं वाटलं.

तिसऱ्या बैठकीत अध्यक्षांचा मेहुणा कालेर्वो एक पट्टा घेऊन आला. तो त्याने टेबलावर आपटला तेव्हा कप नाचले.

“हा बघा. सत्त्याऐंशी साली याच पट्ट्याने मी पाद्रीबुवांची गाडी तळ्यातून काढली. पाद्रीबुवांसकट.”

“पेलतो किती?” मी विचारलं.

“पाद्रीबुवा तेव्हा एकशे दहा किलोचे होते.”

“तसं नव्हे रे. लेबलवर काय लिहिलंय?”

“लेबल गेलं. पट्टा राहिला. दोघांत मजबूत कोण, ते यावरूनच कळत नाही का?”

युक्तिवाद बिनतोड होता. मी तो शब्दशः नोंदवला.

त्यानंतर ताकदीवर चर्चा झाली. दुकानात मिळणारे पट्टे रंगावरून ओळखतात: जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा, आणि असंच चढत चढत पुढे. पिवळा पडद्यांना शोभेल असं एक मत पडलं. कालेर्वोचा पट्टा मुळात कुठल्या रंगाचा होता हे सांगता येत नव्हतं. आता तो तळ्याच्या रंगाचा होता. तो दहा टनांचा असावा, असं कालेर्वोचं मत. तीनशे किलोच्या कैचीला दहा टनांचा पट्टा म्हणजे तेहेतीस पट सुरक्षितता. एवढी सुरक्षितता आमच्या गावात यापूर्वी कधीच नव्हती. दवाखान्यातसुद्धा.

इतक्यात हेल्वी किटली घेऊन आली.

हेल्वी आमच्या मंडळाचा कॉफी विभाग सांभाळते. वय सत्तर. त्याआधी ती सव्वीस वर्षं तुर्कूला जहाजांच्या गोदीत होती. क्रेनच्या आकड्याला जहाजाचे भाग बांधायचे आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे तिचं काम. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण जहाज ही पाण्यातली वस्तू आणि छप्पर कोरड्यातली, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणी जोडला नाही.

“पट्टा केवढा जाड, हा प्रश्नच नाहीये,” कप भरता भरता ती म्हणाली. “पंधरा मीटरची वस्तू एका आकड्याला टांगलीत, तर पट्टे तिरपे ओढणार आणि ती कुशीला वाकणार. आकड्याखाली लांब लोखंडी दांडी घ्या, आडवी. तिच्यावरून पट्टे सरळ खाली सोडा आणि कैचीला चार ठिकाणी धरा. दोन्ही टोकांना दोर बांधा, वाऱ्यात फिरू नये म्हणून. आणि लेबल नसलेला पट्टा फेकून द्या.”

“दूध आहे का गं?” कालेर्वोने विचारलं.

मी इतिवृत्तात लिहिलं: ‘या वेळी कॉफी आली.’

चौथ्या बैठकीत तिने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी दोन चमचे आणि एक सुरी टेबलावर मांडून. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं कोणीच म्हणालं नाही. पण विषयपत्रिकेवर ‘उचलसाधने’ हा विषय समितीकडे होता आणि हेल्वी समितीत नव्हती. उद्या नळ दुरुस्त करणाऱ्याने अर्थसंकल्पावर बोलायचं ठरवलं तर मंडळ चालेल कसं? मी लिहिलं: ‘पुन्हा कॉफी आली.’

मतदान झालं. एकीकडे सैन्यायोकी शहरातून भाड्याने मिळणारा संच, त्यात दांडी, लेबलवाले पट्टे, तपासणीचा दाखला, सगळं. दुसरीकडे कालेर्वोचा पट्टा. पाचास चार मतांनी पट्टा जिंकला. भाड्याच्या वस्तूला गावाबद्दल आपुलकी नसते, हा मुद्दा निर्णायक ठरला.

आराखडा सेहेचाळीस पानांचा झाला. त्यात गावाचा इतिहास होता (पाच पानं), वाऱ्याच्या दिशा होत्या, नऊ माणसांसाठी अकरा हेल्मेटांची तरतूद होती आणि विश्रांतीच्या वेळांचं कोष्टक होतं. कैची नेमकी कुठे आणि कशी बांधायची याबद्दल पान एकतीसवर एक वाक्य होतं: ‘बांधणी अनुभवी व्यक्तींनी करावी.’ निरीक्षकांनी त्यावर शिक्का मारून दोन दिवसांत तो परत पाठवला. एवढ्या वेळात सेहेचाळीस पानं वाचून होतात का, असा क्षुद्र प्रश्न कोणी विचारला नाही.

सहा जूनला सकाळी आठ वाजता वेन्ला क्रेन घेऊन आली. वय चौतीस, दोन्ही हात खिशात, बोलणं मोजकं. गावातली बत्तीस माणसं फुकट कामाला हजर होती. मोबदल्यात दुपारी वाटाण्याचं सार. पश्चिमेला ढग जमत होते आणि रेडिओने रविवारपासून पाऊस सांगितला होता.

तौनोने तिच्या हाती आराखडा दिला. तिने तो तळहातावर तोलून पाहिला आणि परत केला.

“छान आहे. पट्टे कुठायत?”

कालेर्वोने पट्टा पुढे केला.

“लेबल?”

“लेबल गेलं.”

“मग पट्टाही गेला,” वेन्ला म्हणाली. “आडवी दांडी कुठाय?”

“ती आराखड्यात नाही,” तौनो म्हणाला.

“कैची पंधरा मीटरची आहे.”

“ते आहे आराखड्यात. पान सात.”

वेन्ला थोडा वेळ आकाशाकडे बघत राहिली. आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

“हे बघ तौनो,” ती शेवटी म्हणाली (आमच्याकडे अध्यक्षालाही अरे-तुरेच करतात, आणि निम्म्या वयाच्या माणसांनीही), “माझ्याकडे चांगले दोन पट्टे आहेत, पण दांडी नाही. दांडीशिवाय मी हे करत नाही.”

“आज नाही तर सप्टेंबर,” तौनो म्हणाला. त्याचा आवाज अध्यक्षाचा राहिला नव्हता. “तोवर आतली जमीन संपेल गं. एक तरी उचलून बघ.”

वेन्लाने हात खिशातून काढले. “एक. जमिनीपासून मीटरभर. कोणीही जवळ यायचं नाही. वाकली की मी खाली ठेवणार आणि घरी जाणार.”

ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. नंतर तीही हेच म्हणाली.

पहिली कैची तिच्या दोन हिरव्या पट्ट्यांनी बांधली. पट्ट्यांवर लेबलं होती, पट्टे नवे होते, गाठी चोख होत्या. कैची मीटरभर वर गेली आणि मग हळूच, एखाद्या शहाण्या माणसाने उलटं मत द्यावं तशी, मधूनच कुशीला वळली. फळ्या जोडणारे पत्रे किंचाळले. बत्तीस माणसं मागे सरली.

तौनो पुढे गेला.

पर्यवेक्षकाने कुठे उभं राहावं हे आराखड्यात लिहिलेलं होतं, पण त्या क्षणी त्याला आराखडा दिसत नव्हता. त्याला त्या कैचीमागचं उघडं सभागृह दिसत असावं. त्याने दोन्ही हात वर करून कैचीचं वाकलेलं अंग धरलं, पडत्या म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तसं. तीनशे किलोला. दोन हातांनी. कागद काखेत होते.

तेवढ्यात आत सार ढवळत असलेली हेल्वी आवाज ऐकून दारातून बाहेर आली. तिने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, तळवे समोर, एका हातात भांडी पुसायचं फडकं. आम्हाला वाटलं ती घाबरली. पण वेन्लाला ती खूण ठाऊक होती: होतं तिथे, तत्काळ, थांब. क्रेन थिजली.

“तौनो,” हेल्वी म्हणाली. ओरडली नाही. “हात सोड. पळू नको. माझ्याकडे बघ आणि चालत ये.”

“पडेल ती.”

“पडू दे. तू ये.”

तौनोने हात सोडले. तो चार पावलं चालला आणि थांबला.

“अजून,” हेल्वी म्हणाली. “अजून. किटलीपर्यंत ये.”

तो दाराजवळच्या टेबलावरच्या किटलीपर्यंत आला. मग हेल्वीने एक हात खाली करून तळवा हळूहळू फिरवला आणि वेन्लाने कैची उतरवायला घेतली. जमिनीला टेकताच ती मधोमध मोडली आणि तौनो ज्या जागी उभा होता, बरोबर त्याच जागी कुशीवर कोसळली. आवाज फार मोठा नव्हता. सेहेचाळीस पानी आराखडा मात्र त्याच्या काखेतून तिथेच निसटला होता आणि तो कैचीखाली सापडला.

तौनो गवतावर बसला.

“मला वाटलं, मी धरेन,” तो म्हणाला.

“माहितीय मला,” हेल्वी म्हणाली आणि तिने त्याच्या हातात कप दिला. अर्धाच भरून, सांडू नये म्हणून.

जरा वेळाने त्याने विचारलं, “दांडीचं तू आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. दोनदा. इल्मोला विचार.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही काखेतच होती, सचिवाची असतेच. मी पान उघडलं. कालेर्वोने खांद्यावरून मान लांबवून मोठ्याने वाचलं: “‘या वेळी कॉफी आली.’” पान उलटलं. “‘पुन्हा कॉफी आली.’” एकोणीस वर्षांत माझं इतिवृत्त पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं. मी या दिवसाची फार वाट पाहिली होती. तो असा येईल असं वाटलं नव्हतं. मी हेल्वीकडे पाहू शकलो नाही.

“आणि आज सकाळी पुन्हा सांगायला आले,” ती तौनोला म्हणाली, “तेव्हा तू म्हणालास, सार झालं का.”

मग ती सभागृहामागे गेली. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक पडलेलं होतं, त्यावर बसून समिती गेले तीन दिवस वेलदोड्याचे पाव खात होती. हेल्वीने ताडपत्री ओढली. खाली पिवळी लोखंडी दांडी होती, तिच्यावर ठोकलेल्या पट्टीवर वजनाचा आकडा आणि तपासणीची तारीख. कैच्यांच्या कारखान्याला तिने फोन केला होता. गिऱ्हाइकाने मागितली की ते दांडी आणि पट्टे देतात. फक्त मागावं लागतं. पत्रकात होतं तसं. किटली रोज तीच उचलत असल्यामुळे पत्रक तिने वाचलं होतं.

त्यानंतर निवडीला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून मोजली, कारण तेवढंच मला करता येत होतं. हेल्वीने प्रत्येक पट्टा हातात घेतला, लेबल मोठ्याने वाचलं, मग बोटांनी पूर्ण लांबी चाचपली. एकाची कड कापलेली निघाली. तो नवा दिसत होता तरी बाजूला गेला. लाकडाच्या धारेवर पट्टा घासू नये म्हणून तिने खाली जाड कातडं घातलं. टोकांना दोर बांधले आणि चार माणसांना त्यांवर उभं केलं, कैचीपासून लांब. वारा वाढला तर काम बंद, असं सांगितलं. आणि शेवटी, भोवती एक दोरी ताणून, “या दोरीच्या आत कोणी आलं, अध्यक्ष का असेना, तर सार मिळणार नाही.” यातलं एकही वाक्य सेहेचाळीस पानांत नव्हतं.

मग ती कालेर्वोसमोर उभी राहिली. हातात कात्री होती.

“याला कापायलाच हवं का?” कालेर्वोने विचारलं. “ट्रॅक्टरला तरी—”

“आज ठेवलास तर पुढच्या वर्षी कोणीतरी याने काहीतरी उचलेल. तूच उचलशील.”

कालेर्वोने पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. “दे इकडे, मीच कापतो,” तो म्हणाला. कापायला फार वेळ लागला नाही. आतून पट्टा बाहेरच्यापेक्षा जुना होता. त्याने एक तुकडा खिशात घातला आणि दिवसभर कोणाला पाद्रीबुवांची गोष्ट सांगितली नाही.

चार वाजेपर्यंत तेरा कैच्या जागेवर बसल्या. दांडीखाली त्या अशा सरळ वर गेल्या की बघणाऱ्याला काही विशेष वाटू नये. खरं तर कंटाळाच आला. लोक मध्येच साराच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वेन्ला फक्त हेल्वीच्या हातांकडे बघत होती. चौदावी कैची कारखान्याने नवी करून दिली आणि वेन्लाने ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामावर जाता जाता, जेवणाच्या सुट्टीत बसवून दिली. रविवारी सांगितलेला पाऊस सोमवारी आला, तोवर गावाने कैच्यांवर छपराचे पत्रे ठोकले होते. चौदाव्या कैचीच्या रिकाम्या जागेवर ताडपत्री होती. जमीन कोरडी राहिली.

जूनअखेरीच्या सणाला सभागृहात नाच झाला. तौनो भिंतीशी बराच वेळ उभा होता. मग तो कॉफीच्या टेबलाशी गेला.

“नाचतेस?”

“गुडघा दुखतोय,” हेल्वी म्हणाली.

“माझाही.”

एवढं बोलणं आमच्याकडे पुरतं. ते नाचले. फार चांगले नाही, पण जमीन ओळखीची होती.

पुढच्या बैठकीत मी इतिवृत्त दुरुस्त करण्याचा प्रस्ताव मांडला. मंजूर झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, असं नियमात आहे (नियम मीच लिहिला होता), म्हणून प्रस्ताव उपसमितीकडे गेला. उपसमितीचं अध्यक्षपद हेल्वीला देऊ केलं. तिने विचारलं, “आता काय उचलायचंय?” आणि नकार दिला. नगरपालिकेने मात्र आमच्या आराखड्याचं कौतुक केलं. काम विनाअपघात पार पडल्यामुळे तो नमुना म्हणून जिल्ह्यातल्या अकरा गावांना पाठवण्यात आला. पान एकतीस जसंच्या तसं आहे.

वाचकहो, एवढं वाचून तुम्ही एकदा मान वर करून आपल्या डोक्यावरच्या छताकडे पाहिलं असेल. काय कळलं? ते कोणी बांधलं, कशाने उचललं, तेव्हा कोण काय सांगत होतं आणि लिहिणाऱ्याने काय लिहिलं, यातलं काहीच नाही. तरी पाहिल्यावर जरा बरं वाटलं ना? आमचे निरीक्षकही नेमकं असंच तपासतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे शिक्का असतो.